पानाला चढलेला रंग

पावसाळ्याच्या तोंडावर कोकणात आणि ठाणे-रायगडच्या बाजारांत शेवळं येतात. ती निवडताना बाहेरचं वेष्टण उलगडलं की आत एक दांडा सापडतो आणि त्याच्या बुडाशी पिवळट दाणे दिसतात. ते दाणे म्हणजे शेवळाची खरी फुलं. वेष्टण हे फुलांच्या दिमतीला आलेलं पान. शेवळं, सुरण, अळू यांच्याच कुळातलं अमेरिकेच्या उष्ण, दमट जंगलांतलं एक भावंड म्हणजे अँथुरियम. ज्याला आपण अँथुरियमचं लाल फूल म्हणतो, तेही असंच एक पान आहे. वनस्पतिशास्त्रात त्याला महाछद म्हणतात. खरी फुलं मधल्या दांड्यावर असतात, शेकडोंच्या संख्येने, खवल्यांसारखी एकमेकांना चिकटलेली.

अँथुरियमचा रंग निवडणाऱ्याने ही गोष्ट आधी पक्की ध्यानात घ्यावी. गुलाबाचा रंग पाकळीचा असतो. पाकळी थोडे दिवस राहते आणि गळते. पान मात्र टिकतं, जून होतं, उजेडाप्रमाणे बदलतं आणि संधी मिळाली की हिरवं व्हायला बघतं. अँथुरियमचा रंग या सगळ्यातून जातो. म्हणून दुकानात त्या दिवशी कोणता रंग डोळ्यात भरला यावर निवड केली, तर पुष्कळदा ती फसते. तो रंग कुठल्या सावलीत, कशाच्या पुढ्यात आणि किती आठवडे उभा राहणार आहे, यावरून निवडला तर वर्षानुवर्षं साथ देतो. चांगल्या जागी लावलेलं अँथुरियम सहज अनेक वर्षं जगतं, त्यामुळे ही निवड एका हंगामापुरती नसते.

बागांमध्ये दिसणाऱ्या अँथुरियमची दोन मूळ घराणी आहेत. एक शेर्झेरियानम, मूळचं कोस्टा रिकाचं, ऑस्ट्रियन प्रवासी कार्ल फॉन शेर्झर यांच्या नावाचं. याचा मधला दांडा वेटोळा आणि बहुधा नारिंगी असतो. ते कुंडीत शोभतं. दुसरं आंद्रेआनम, आणि पुष्पगुच्छांचा सगळा व्यवहार याच्यावर उभा आहे. फ्रेंच वनस्पतिसंग्राहक एदुआर आंद्रे यांना ते १८७६ साली कोलंबियात सापडलं. युरोपातल्या काचघरांत ते वाढलं, आणि १८८९ साली सॅम्युअल डेमन यांनी लंडनहून ते हवाईला नेलं. तिथे त्याला हवी तशी दमट हवा आणि झाडांची सावली मिळाली. हवाईतल्या शेतकऱ्यांनी, त्यातही जपानी वंशाच्या कुटुंबांनी, परसात आणि झाडीखाली ते वाढवलं, आपापसांत संकर केले, आणि मूळच्या मोजक्या छटांतून पांढऱ्या, गुलाबी, पोवळ्याच्या रंगाच्या, हिरव्या काठाच्या कितीतरी जाती निघाल्या. पुढे हवाईतल्या लागवडीवर जिवाणूजन्य करप्याचं मोठं संकट आलं आणि नवीन जाती काढण्यात हॉलंड पुढे गेलं. आज आपल्याकडच्या शेडनेटमध्ये दिसणारी ट्रॉपिकल ही लाल, अॅक्रॉपोलिस ही पांढरी आणि मिडोरी ही हिरवी जात डच आहे.

हवाई विद्यापीठात हारुयुकी कामेमोतो यांनी अनेक दशकं अँथुरियमच्या संकरांवर काम केलं. रंग कसा ठरतो याचं त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली मांडलेलं उत्तर मला या झाडाविषयीची सर्वांत सुंदर माहिती वाटते. लाल, गुलाबी, नारिंगी, पोवळी, पांढरा, एवढे सगळे रंग मुख्यतः दोन जनुकांच्या खेळातून येतात. एक जनुक ठरवतं की पानात अँथोसायनिन जातीचा रंग बनणार की नाही. तो बनलाच नाही तर महाछद पांढरा. दुसरं जनुक ठरवतं की त्यात सायनिडिन हे रंगद्रव्य असणार की नाही. सायनिडिन असेल तर झाड लाल-गुलाबीच्या बाजूला जातं. नसेल आणि एकटं पेलार्गोनिडिन उरलं तर नारिंगी आणि पोवळ्याच्या बाजूला. या जनुकांच्या किती प्रती आल्या यावर रंगाचा गडदपणा ठरतो. जांभळट छटा यांहून वेगळ्या वाटेने येतात. पनामातलं अम्निकोला हे छोटं, फिकट जांभळं, ओढ्याकाठच्या खडकांवर वाढणारं अँथुरियम संकरात आणल्यावर ट्युलिपच्या आकाराच्या जांभळट-गुलाबी जाती मिळाल्या. निळा मात्र अँथुरियमला नाही. बाजारात गडद निळं अँथुरियम दिसलं तर ते पांढऱ्या फुलाला बाहेरून दिलेल्या रंगाचं आहे असं बेलाशक समजावं.

या आनुवंशिकीचे दोन उपयोग माळीकामात रोज होतात. पहिला, बियांपासून वाढवलेल्या रोपाच्या रंगाची हमी कुणी देऊ शकत नाही. दोन गुलाबी झाडांच्या संकरातून लाल निघतं, नारिंगी निघतं, पांढरंही निघू शकतं. ठरावीक रंग हवा असेल तर ऊतीसंवर्धित रोप घ्यावं किंवा ओळखीच्या झाडाचा मुनवा. दुसरा उपयोग रंगसंगतीचा. सायनिडिनचा गुलाबी किंचित निळसर अंगाने जातो, पेलार्गोनिडिनचा पोवळी पिवळसर अंगाने. दोन्ही जवळजवळ सारख्या फिक्या असल्या तरी शेजारी ठेवल्या की एक मळकी वाटते आणि एक भडक. म्हणून एका कोपऱ्यात गुलाबी घेतला तर सोबत पांढरा घ्यावा, पोवळी घेतला तर हिरवा किंवा मलईसारखा. दोघांना एकत्र आणू नये. हे माझं मत आहे, पण पुष्परचना करणाऱ्यांच्या हाताखालची टोपली बघा. तेही या दोन्ही छटा सहसा एका गुच्छात घालत नाहीत.

आता सावली. अँथुरियम सावलीतलं झाड आहे म्हणजे अंधारातलं नव्हे. लागवड करणारे साधारण ७५ टक्के सावलीची जाळी वापरतात, म्हणजे पाव हिस्सा ऊन आत येतं. घरच्यासाठी याची सोपी कसोटी अशी: दुपारी कुंडीच्या वर हातभर अंतरावर पंजा धरावा. सावली पडते पण कडा पुसट आहेत, तर जागा योग्य. सावलीची कड रेखीव दिसली तर ऊन जास्त आहे, आणि सावली पडतच नसेल तर झाड पानं देत राहील, रंग देणार नाही. वयात आलेलं झाड प्रत्येक पानाच्या बेचक्यातून एक फूल काढतं, त्यामुळे वर्षाला साधारण सहा ते आठ फुलं हाच त्याचा हिशेब. उजेड कमी पडला की पानं सावकाश येतात आणि फुलांचा हा हिशेबही आक्रसतो. उलट ऊन फार झालं तर आधी रंग विटतो. गुलाबी आणि पोवळी छटांवर ते लवकर दिसतं. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यातल्या पश्चिमेच्या गॅलरीतलं गुलाबी अँथुरियम जे फूल काढतं, ते जानेवारीच्या फुलापेक्षा फिकट असतं. उष्णतेत अँथोसायनिन कमी बनतं, म्हणून असं होतं. ज्यांची जागा तापते त्यांनी गडद लालच घ्यावा. त्यातला थोडा रंग गेला तरी तो लालच राहतो.

सावलीत रंग कसा दिसतो, हा याहून नाजूक प्रश्न आहे. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी १८१९ साली पहाटेच्या फेरफटक्यात एक गोष्ट टिपली: दिवसा झळझळीत दिसणारी लाल फुलं झुंजुमुंजू उजेडात काळपट दिसतात, आणि त्याच झाडाची हिरवी पानं त्यांच्या मानाने उजळ दिसतात. उजेड कमी झाला की आपल्या डोळ्यातल्या वेगळ्या पेशी काम हाती घेतात आणि त्यांना लाल रंग जवळपास दिसत नाही. हे शास्त्र ओसरीवर आणि जिन्याखालच्या कोपऱ्यात अगदी रोज खरं ठरतं. संध्याकाळी साडेसहाला दिवे लागायच्या आधी ओसरीतलं लाल अँथुरियम बघावं; ते डागासारखं गडद झालेलं असतं. त्याच्या शेजारचं पांढरं किंवा फिकट हिरवं मात्र अजून दिसत असतं. जी मंडळी सकाळी सातला घराबाहेर पडतात आणि दिवेलागणीला परततात, त्यांच्या अंगणात लाल अँथुरियम कुणी बघतच नाही. त्यांनी पांढरा लावावा. दुपारी अंगणात बसणाऱ्या आजी-आजोबांच्या घरी लाल लावावा. रंगाची निवड कोणत्या वेळी तो पाहिला जाणार यावर व्हायला हवी, ही गोष्ट बागेच्या आराखड्यात फार कमी लोक विचारात घेतात, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते.

दाट झाडाखालच्या सावलीत आणखी एक भर पडते. आंबा-फणसाच्या किंवा माडा-पोफळीच्या पानांतून गाळून येणारा उजेड हिरवट असतो. या उजेडात फिकट गुलाबी राखाडी दिसू लागतो. तिथे पांढरा अतिशय शोभतो, गडद लालही चालतो. इमारतीच्या उत्तरेकडच्या सावलीत मात्र उजेड आभाळाचा, थंड निळसर असतो. तिथे गुलाबी स्वच्छ दिसतो. एकाच गावात, एकाच नर्सरीतून घेतलेली दोन गुलाबी झाडं दोन घरांत वेगळी का दिसतात, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं.

आणि मग मागची भिंत. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगाई खात्याचे प्रमुख असलेले रसायनज्ञ मिशेल शेव्रल यांच्याकडे तक्रार आली होती की काळा धागा काळा वाटत नाही. त्यांनी धागा तपासला, तो उत्तम होता. दोष शेजारच्या रंगाचा होता. त्यावरून त्यांनी रंगांच्या शेजारधर्माचे नियम मांडले आणि १८३९ साली ते ग्रंथरूपाने आले. लाल आणि हिरवा एकमेकांसमोर आले की दोघंही अधिक तीव्र वाटतात, हा त्यांतला सर्वांत ओळखीचा नियम. लाल अँथुरियम आपल्याच गडद हिरव्या पानांवर एवढं उठून दिसतं ते याच कारणाने. पण कोकणात आणि गोव्यात जांभ्या चिऱ्याची भिंत मागे असेल तर चित्र पालटतं. चिरा तांबडा-तपकिरी. त्याच्यापुढे लाल अँथुरियम चार पावलांवरून दिसेनासं होतं आणि नारिंगी तर भिंतीचाच तुकडा वाटतो. चिऱ्याच्या भिंतीपुढे पांढरा लावावा, किंवा पांढऱ्याला हिरवी किनार असलेली जात. पावसाळ्यात चिऱ्यावर शेवाळ चढलं की हाच पांढरा आणखी खुलतो. चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंतीपुढे उलट, पांढरा महाछद हरवतो. तिथे चॉकलेटी-मरून जाती घ्याव्यात, ज्या इतर कुठेही उदास दिसतात.

पांढऱ्याची मी एवढी बाजू घेतली, तर त्याचा दोषही सांगायला हवा. पांढऱ्या महाछदावर काहीही लपत नाही. पावसाचा जोरदार थेंब, शेजारच्या पानाची घासलेली कड, फुलकिडीने खरवडलेली रेघ, सगळं तपकिरी डाग होऊन उमटतं. लाल फुलावर हेच ओरखडे असतात, पण नजरेला येत नाहीत. म्हणून पांढऱ्याला आडोसा हवा, पागोळ्यांपासून दूर जागा हवी, आणि कुंड्या एकमेकींना टेकलेल्या नकोत. बोअरचं खारट पाणी तर सगळ्याच अँथुरियमना मानवत नाही. पानांच्या कडा करपतात. रोप नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांत, विटेच्या खड्यांत आणि कोळशात लावायचं, कारण मूळ जंगलात याची मुळं पुष्कळदा झाडाच्या खोडावर मोकळ्या हवेत असतात. नुसत्या मातीत ती कुजतात. लहान मुलं आणि मांजरं असलेल्या घरी हेही माहीत असावं की अळूच्या खाजेला कारण असलेले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुयांसारखे स्फटिक अँथुरियमच्या पानादेठांतही असतात. चावलं तर तोंड चांगलंच चुरचुरतं.

हिरव्या अँथुरियमविषयी बागेत फार उत्साह दाखवू नये. मिडोरीसारखी जात बागेत लावली तर पानांतलं एक पान होऊन राहते. पण तीच कापून पुष्पगुच्छात घेतली की तिचं मोल कळतं. पांढऱ्या निशिगंधाशेजारी, गुलाबी कार्नेशनच्या मधोमध, पिवळ्या जरबेऱ्याच्या खाली, हिरवं अँथुरियम कुठेही भांडत नाही आणि गुच्छाला ठाम आकार देतं. बागेसाठी निवडलेला रंग आणि गुच्छासाठी निवडलेला रंग वेगळे का, ते इथे स्पष्ट दिसतं. बागेत अँथुरियमभोवती हिरवं भरपूर असतं, गुच्छात ते आपल्याला आणावं लागतं.

गुच्छासाठी झाडच लावणार असाल तर रंगाआधी देठाची चौकशी करावी. कुंडीसाठी काढलेल्या जाती आखूड देठाच्या आणि लहान, पण पुष्कळ फुलांच्या असतात. टेबलावर त्या छान दिसतात, फुलदाणीत बुडतात. कापणीच्या जाती उंच वाढतात आणि त्यांचा देठ हातभर लांब येतो. रोपवाटिकेत दोन्ही प्रकार एकाच मांडवात असतात, तेव्हा विचारूनच घ्यावं.

बाजारातून फूल घ्यायचं असेल तर महाछदापेक्षा मधला दांडा बघायचा. दादरच्या फुलबाजारात किंवा पुण्याच्या गुलटेकडीला अँथुरियम खोक्यातून येतं, प्रत्येक फुलाला पातळ प्लास्टिकचं टोपरं आणि देठाच्या टोकाला पाण्याची छोटी नळी. टोपरं थोडं खाली सरकवून दांडा नीट पाहावा. नुकत्या उमललेल्या फुलाचा दांडा गुळगुळीत आणि एकरंगी असतो. मग तळाकडून फुलं पक्व होऊ लागतात, तिथला पृष्ठभाग खरखरीत होतो आणि पिवळ्याचा पांढरा होत तो रंग वर सरकत जातो. ही रेषा दांड्याच्या निम्म्याच्या वर, पाऊण भागाच्या आसपास पोचली असेल तर फूल कापायच्या योग्य वेळी कापलेलं आहे. दांडा अजून सगळा गुळगुळीत असेल तर महाछद कोवळा आहे. तो लवकर मान टाकतो आणि त्याचा रंगही पुरता भरलेला नसतो.

घरी आणल्यावर देठाचं टोक तिरकं, पाण्याखाली धरून कापावं. अँथुरियम बहुधा पाणी न चढल्याने सुकतं, देठाच्या नळ्या तुंबतात म्हणून. मलूल झालेलं फूल अर्धा-पाऊण तास पूर्ण पाण्यात बुडवून ठेवलं तर पुष्कळदा ताठ होतं, कारण महाछद पानासारखाच पृष्ठभागातूनही थोडं पाणी घेतो. फ्रिजमध्ये मात्र ते कधीही ठेवू नये. साधारण १२-१३ अंशांच्या खाली हे उष्ण प्रदेशातलं झाड दुखावतं आणि लाल महाछदावर निळसर काळे चट्टे येतात. गुलाब आणि अँथुरियम एकत्र घेऊन दोन्ही रात्रभर फ्रिजात ठेवणाऱ्या घरात सकाळी गुलाब टवटवीत असतो आणि अँथुरियम काळवंडलेलं. नीट सांभाळलं तर कापलेलं अँथुरियम दोन ते तीन आठवडे राहतं. गौरी-गणपतीच्या मखरात त्याने जागा मिळवली ती या टिकाऊपणामुळे. झेंडू-शेवंती रोज बदलाव्या लागतात, अँथुरियम प्रतिष्ठापनेला लावलेलं विसर्जनापर्यंत उभं राहतं. मखराच्या पिवळ्या दिव्यांत पांढरा महाछद मलईकडे झुकतो, नारिंगी पेटल्यासारखा दिसतो, निळसर गुलाबी मात्र विटका वाटतो. तेव्हा मखरासाठी लाल, नारिंगी आणि हिरवा हा संच घ्यावा.

सत्कारसमारंभाच्या व्यासपीठाचं गणित आणखी निराळं. महाछद चकचकीत असतो, त्यामुळे समोरून फ्लॅश पडला की लाल अँथुरियमवर पांढरा झगारा येतो आणि छायाचित्रात फुलाच्या जागी डाग उमटतो. गुच्छात फुलांची तोंडं थोडी वर आणि बाजूला वळवली तर हे टळतं. मागणी आजही लाललाच सर्वाधिक आहे. मिझोराममध्ये या शतकाच्या सुरुवातीपासून अँथुरियमची लागवड वाढली, अनेक कुटुंबं, विशेषतः स्त्रिया, तीवर कमावत्या झाल्या आणि रेइएक गावी अँथुरियमचा उत्सव भरू लागला. तिथल्या शेतांतही लाल हाच मुख्य. लग्न-मुंजीच्या हंगामात लाल विकला जाईल याची उत्पादकाला खात्री असते. घरच्या बागेला ती सक्ती नाही, याचा फायदा आपण घ्यावा.

शेवटी महाछदाचं म्हातारपण बघायचं राहतं. झाडावरच ठेवलेला महाछद काही आठवड्यांनी हिरवा होऊ लागतो, बहुधा देठाकडच्या गोलाईपासून. त्यात हरितद्रव्य भरतं. पांढऱ्या महाछदात ते भरलं की स्वच्छ पोपटी रंग येतो आणि फूल पुन्हा नवं दिसतं. लाल रंगावर ते चढलं की दोन्हींचं मिश्रण तपकिरी, चिखलट होतं. अशी फुलं वेळेवर कापायला हवीत. गुलाबी अधेमधे राहतो, कधी मोहक, कधी मळकट, जातीनुसार. म्हणून रोपवाटिकेत मालक कौतुकाने नुकतं उमललेलं फूल पुढे करतो तेव्हा त्याला त्याच जातीचं महिनाभरापूर्वीचं फूल दाखवायला सांगावं. मागच्या रांगेत, पानांखाली ते असतंच. तुमच्या ओसरीत वर्षातले बहुतेक दिवस दिसणार आहे तो रंग त्याच्यावर बघायला मिळतो.